आधी पाळी, मग बंधारा

पावसाळा सरत आला आणि ओढ्यानाल्यांचे पाणी निवळू लागले की, गावोगावी बंधाऱ्याची व पाटाची आठवण होते. पाट गाळाने भरलेला असतो, बंधाऱ्याला कोठेतरी खिंड पडलेली असते आणि काठावरील झुडपांनी पाण्याची वाट अडविलेली असते. अशा वेळी ग्रामसभेत बहुधा एकच मागणी पुढे येते : बंधारा सिमेंटचा करून द्या आणि पाटाला अस्तर करून द्या. ही मागणी अयोग्य आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती पहिली मागणी असावी काय, याचा शांतपणे विचार झाला पाहिजे. शेतकऱ्यांनी स्वतः चालविलेल्या लहान पाटांची सुधारणा पाण्याच्या पाळीपासून, म्हणजे पाणी कोणाला, केव्हा व किती द्यावयाचे या ठरावापासून सुरू व्हावी आणि बांधकाम त्यामागून यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हा क्रम उलटा झाला तर पैसा खर्च होतो, बंधाराही उभा राहतो. पाटाच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्याचा गहू मात्र ओंबीवर येऊन वाळतो.

फडांची शिकवण

या बाबतीत धडा घेण्यासाठी फार दूर जावयास नको. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आरम यांसारख्या नद्यांवर सुमारे 300 वर्षांपासून फड पद्धती चालत आली आहे. नदीच्या पात्रात आडवा दगडी बंधारा घालावयाचा, त्याने पाणी थोडे उंचावून पाटात वळवावयाचे आणि उताराने शेतापर्यंत न्यावयाचे, अशी ही साधी रचना आहे. या बंधाऱ्यांत पाण्याचा मोठा साठा होत नाही. नदी वाहती आहे तोवरच पाणी मिळणार, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे पाणी वाटून घेण्याची व्यवस्था चोख ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

भिजणाऱ्या क्षेत्राचे तीन किंवा चार फड पाडलेले असत. एका फडात त्या हंगामी एकच पीक घ्यावयाचे व पुढे फेरपालट करावयाचा, असा नेम असे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. नदीचे पाणी पाहून त्या वर्षी किती फड भिजवावयाचे हे लाभधारकांनी एकत्र बसून ठरवावे आणि पाणी कमी पडल्यास एखादा फड कोरडा ठेवावा, अशी रीत होती. या रचनेतील न्याय लक्षात घेण्याजोगा आहे. टंचाई आली तर ती सर्वांच्या वाट्याला थोडी थोडी येई. एकाचे सारे शेत हिरवे आणि शेजाऱ्याचे सारे शेत करपलेले, असा प्रसंग सहसा येत नसे.

दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. पाटावर पाटकरी, हवालदार, जागल्या, बारेकरी असे गावाने नेमलेले लोक असत. पाणी सोडणे, मोडणे, बारी लावणे व राखण करणे ही त्यांची कामे असून त्यांचा मोबदला लाभधारक देत. पाण्याच्या पाळीत ज्याचा स्वतःचा लाभ आहे त्याच्याच हाती पाटाचे दार द्यावयाचे नाही, हे तत्त्व आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

आज ही पद्धती कित्येक ठिकाणी मोडकळीस आली आहे. वरच्या बाजूस झालेल्या धरणांमुळे नद्यांचे वाहणे बदलले. ज्याच्या शेतात विहीर झाली त्याला फडाच्या शिस्तीची गरज पूर्वीइतकी उरली नाही. जुनी पद्धती जशीच्या तशी परत आणा, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. परंतु जे बंधारे इतका दीर्घ काळ उपयोगी पडले ते केवळ दगडचुन्याच्या बळावर पडले नाहीत. त्यांमागे गावाचा ठराव होता आणि तो अमलात आणणारी माणसे होती, हे विसरता कामा नये.

पक्क्या बांधकामाचा अनपेक्षित परिणाम

आता पक्क्या बांधकामाच्या एका परिणामाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. कोकणात पावसाळा संपल्यावर ओढ्यांवर दगडमातीचे कच्चे बंधारे घालण्याची रीत आहे. अलीकडे रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारे घालतात, तेही याच जातीचे. असा बंधारा पुराने वाहून जातो व दरवर्षी नव्याने घालावा लागतो. हे काम कष्टाचे आहे, यात शंका नाही. पण त्या कष्टातच एक गोष्ट दडलेली आहे. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याला एकट्याने बंधारा घालता येत नाही. शेवटाकडील शेतकऱ्यांचे हात त्याला हवे असतात. ते हात मिळावेत म्हणून तो शेवटापर्यंत पाणी जाऊ देतो. दरवर्षीच्या या श्रमदानाने तोंडाकडील व शेवटाकडील शेतकरी एकमेकांशी बांधले जातात.

आता बंधारा पक्का झाला, असे समजा. गाळ काढण्यापुरते काम उरले, आणि तेही पाटाच्या पहिल्या भागापुरते केले तरी तोंडाकडील शेतकऱ्याचे भागते. मग शेवटाकडील शेतकऱ्याची त्याला गरज ती काय उरली? भांडण न होताही पाणी हळूहळू वरच्या वर मुरू लागते. प्रथम एखादी पाळी चुकते, मग दोन चुकतात आणि काही वर्षांनी पाटाचा शेवटचा भाग नांगरून शेतात मिळविला जातो.

हा केवळ तर्क नव्हे. नेपाळमध्ये शेतकऱ्यांनी चालविलेल्या शेकडो लहान पाटांचा तौलनिक अभ्यास अमेरिकेतील विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम व त्यांचे सहकारी यांनी केला. कच्चे बंधारे असलेल्या, पण शेतकऱ्यांच्या हाती कारभार असलेल्या पाटांवर शेवटाकडे पाणी पोहोचण्याचे प्रमाण पुष्कळदा अधिक चांगले असते आणि पक्की बांधकामे असलेले सरकारी कालवे त्या मानाने मागे पडतात, असे त्यांना आढळले. बांधकाम पक्के झाल्यावर तोंडाकडील शेतकऱ्याला इतरांच्या श्रमाची गरज राहत नाही, हे त्याचे एक कारण त्यांनी दाखविले. सामाईक साधनसंपत्तीच्या व्यवस्थेवरील संशोधनासाठी ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडील जुना पाटकरी हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगेल.

यावरून सिमेंट नको, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पक्क्या बंधाऱ्याने श्रम वाचतात, पाणी अधिक दिवस वळविता येते आणि पाझर कमी होतो. सांगावयाचे ते इतकेच की, श्रमाचे जे बंधन पक्क्या बांधकामाने सुटते त्याच्या जागी ठरावाचे बंधन आधी बांधून घेतले पाहिजे. बांधकाम पूर्ण झाल्यावर तोंडाकडील शेतकरी सही करावयास उत्सुक नसतो. त्याला बंधारा हवा असतो तेव्हाच तो सवलत देण्यास राजी असतो. म्हणून ठरावाची वेळ बांधकामापूर्वीची.

मोजल्यावाचून न्याय नाही

पाण्यावरून होणारी पुष्कळ भांडणे पाणी न मोजल्यामुळे होतात. मोजण्यास महागडी साधने लागतातच असे नाही. पाटाचा 10 मीटर लांबीचा सरळ व सारख्या रुंदीचा भाग निवडावा. लाकडाचा हलका तुकडा प्रवाहाच्या मध्यभागी सोडून त्याला हे अंतर काटावयास किती सेकंद लागतात ते तीन-चार वेळा पाहून सरासरी घ्यावी. समजा 25 सेकंद लागले, तर पृष्ठभागावरील वेग सेकंदाला 0.4 मीटर झाला. तळाशी व काठाशी पाणी हळू वाहते, म्हणून या वेगाला 0.8 ने गुणावे. सरासरी वेग 0.32 मीटर येतो. पाण्याची रुंदी 60 सेंटिमीटर व सरासरी खोली 20 सेंटिमीटर असल्यास छेद 0.12 चौरस मीटर होतो. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे सेकंदाला सुमारे 38 लिटर पाणी वाहते, असे कळते.

हीच मोजणी त्याच दिवशी, मधली सर्व दारे बंद असताना, पाटाच्या शेवटी करावी. तेथे 19 लिटरच आले तर निम्मे पाणी वाटेत मुरते किंवा फुटते, हे निर्विवाद ठरते. याचा अर्थ काय होतो तो पाहा. एका पाळीत 7.5 सेंटिमीटर खोलीचे पाणी द्यावयाचे, तर 38 लिटरच्या प्रवाहाने 12 तासांत सुमारे 2.2 हेक्टर, म्हणजे 5.4 एकर भिजते. 19 लिटरने तेवढ्याच वेळात सुमारे 1.1 हेक्टर, म्हणजे 2.7 एकर भिजते. म्हणजेच दोघांना एकरी सारखे तास दिले तरी शेवटाकडील शेतकऱ्याला निम्मेच पाणी मिळाले. वरून समान दिसणारी ही वाटणी मुळात विषम आहे.

म्हणून तासांचे कोष्टक करताना शेवटाकडील शेतांना पाझराच्या प्रमाणात अधिक वेळ द्यावा. कोरडा पाट भरण्यास लागणारा वेळही कोणा एकाच्या पाळीत न धरता तो सामाईक धरावा. अशी मोजणी दोन-तीन ठिकाणी केली म्हणजे पाझर कोणत्या टापूत अधिक आहे तेही उघड होते. मग सबंध पाटाला अस्तर करण्याऐवजी तेवढ्याच टापूला केले तर थोड्या पैशांत काम होते. सुधारणेचा पैसा कोठे घालावा, याचे उत्तर त्या लाकडाच्या तुकड्याकडून मिळते.

पीक, विहीर आणि पाळी

पाळीचा संबंध पिकाशी आहे. गव्हाला पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळे फुटताना, 40 ते 45 दिवसांनी कांडी धरताना, 60 ते 65 दिवसांनी फुलोऱ्यात व 80 ते 85 दिवसांनी दाणे भरताना पाण्याची विशेष गरज असते. या अवस्था साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने येतात. पाटाखालील बहुतेक पेरणी एकाच आठवड्यात झाली, तर 21 दिवसांची पाळी सर्वांना सोयीची पडते. एकाने आज व दुसऱ्याने महिन्याने पेरणी केली, तर कोणतीच पाळी कोणालाच जुळत नाही. पाणी थोडे असेल तेथे हरभऱ्याचे क्षेत्र वाढवावे. फांद्या फुटताना, फुलोऱ्यात व घाटे भरताना मोजके पाणी मिळाले तरी ते पीक हाती येते.

उसाचा प्रश्न नाजूक आहे, पण तो टाळून चालणार नाही. ऊस 12 ते 18 महिने शेतात उभा राहतो आणि नदी आटल्यावरही पाणी मागतो. लहान पाटावर दोघा-तिघांचा ऊस उभा राहिला की, उन्हाळ्यात पाटाची पाळी त्यांच्याभोवती फिरू लागते. उसावर रोष धरण्याचे कारण नाही. त्याने अनेक घरे सावरली आहेत. परंतु सामाईक पाण्यावर किती ऊस असावा हे ठरविण्याचा अधिकार सर्व लाभधारकांचा आहे. त्याहून अधिक ज्याला हवा असेल त्याने तो स्वतःच्या पाण्यावर व ठिबक संच बसवून करावा.

येथे विहिरीचा मुद्दा येतो. पाटालगतच्या विहिरीत उतरणारे पाणी पुष्कळ अंशी पाटाचेच पाझरलेले पाणी असते. विहीरवाला पाटाची वर्गणी देत नाही, गाळ काढावयास येत नाही आणि पाझराचा लाभ मात्र घेतो. हे इतरांना खुपणे साहजिक आहे. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटाकडील ओझर येथे 1990 नंतर शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था स्थापन केल्या. त्यांनी नाल्यांवरील बंधाऱ्यांत कालव्याचे पाणी सोडून विहिरींना पाझर मिळवून दिला आणि विहिरीवरील उपशासाठीही आकारणी केली. वाघाड हे सरकारी धरण आहे व आपला पाट लहान आहे, हा फरक खरा. पण पाट आणि विहीर हे एकाच पाण्याचे दोन भाग मानावयाचे, ही दृष्टी लहान पाटालाही तितकीच लागू पडते. संघटनेचे काम तेथे शेवटाकडील शेतकऱ्यांनी अंगावर घेतले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ठरावात काय असावे

बांधकामाचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी लाभधारकांच्या सभेत पुढील गोष्टी लेखी ठरवाव्यात :

1. लाभधारकांची व त्यांच्या क्षेत्राची यादी. तीत कसणाऱ्या स्त्रियांची नावेही असावीत.

2. पाळीचा क्रम. पाणी शेवटाकडून सुरू करून तोंडाकडे आणावे. शेवटाकडील शेत भिजल्यावाचून वरचे दार उघडावयाचे नाही, असा नियम असला म्हणजे पाट साफ ठेवण्यात सर्वांनाच गोडी वाटते.

3. तासांचे कोष्टक, वर सांगितल्याप्रमाणे मोजणी करून. रात्रीच्या पाळ्या फिरत्या असाव्यात. जी स्त्री एकटी शेती पाहते तिच्या वाट्याला दर वेळी मध्यरात्रीची पाळी येणे, हा अन्याय आहे.

4. वेतनावर नेमलेला पाटकरी. त्याचे वेतन एकरी वर्गणीतून हंगामाच्या आरंभीच जमा करावे. तो शक्यतो लाभधारक नसावा.

5. गाळ काढण्याचे काम क्षेत्राच्या प्रमाणात वाटावे. ज्याचे क्षेत्र मोठे त्याने माणसे अधिक द्यावीत. भूमिहीन मजुरांकडून श्रमदानाची अपेक्षा न करता त्यांना मजुरी द्यावी.

6. टंचाईचा नियम. पाण्याची पातळी अमुक खुणेच्या खाली गेली की कोणती पिके व किती क्षेत्र भिजवावयाचे, हे टंचाई येण्यापूर्वीच ठरवावे.

7. दंड. पहिल्या चुकीस लहान, पुढे चढता. दंड लहान असला तरी चालेल, पण तो सर्वांना सारखा लागला पाहिजे.

8. जमाखर्चाची वही हंगामाच्या अखेरीस सभेत वाचून दाखवावी.

समितीत तोंडाकडील, मधल्या व शेवटाकडील अशा तिन्ही भागांतील शेतकऱ्यांना सारखे स्थान द्यावे. 2005 साली झालेल्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमानेही पाणी वापर संस्थांसाठी हेच तत्त्व स्वीकारले आहे. ज्या लहान बंधाऱ्याला तो कायदा प्रत्यक्ष लागू नसेल, तेथेही त्यातील हे तत्त्व उचलण्यास कोणाची आडकाठी नाही.

कार्यकर्त्यांस दोन शब्द

"लोक एकत्र येत नाहीत," ही तक्रार ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांच्या तोंडी वारंवार येते. ती सर्वस्वी खोटी नाही. भाऊबंदकी असते, निवडणुकीचे वैर असते आणि ज्याला आज जास्त पाणी मिळते त्याला बदल नको असतो. परंतु पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचे काम उभे केले, ते याहून कठीण परिस्थितीत. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरविता माणसांवर ठरविला. माणशी अर्धा एकर व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर अशी मर्यादा घातली. भूमिहीनांचाही हक्क मानला आणि ऊस वर्ज्य केला. हे सर्व नियम प्रत्येक गावाला पेलतील असे नाही. मात्र नियम स्पष्ट असतील व ते सर्वांना सारखे लागू होतील, तर लोक ते स्वीकारतात, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

कार्यकर्त्याने आपण होऊन पाळी ठरवू नये. ती गावाने ठरवावी. त्याने पाटाची मोजणी करून दाखवावी, यादी व कोष्टक लिहिण्यास हातभार लावावा आणि सभेत शेवटाकडील शेतकऱ्याला बोलावयास वाव मिळेल हे पाहावे. सभा शक्य तर पाटाच्या शेवटीच भरवावी. तेथपर्यंत पाट चालत जाताना कोठे काय फुटले आहे ते सर्वांना आपोआप दिसते, आणि पाणी पोहोचत नाही हे सिद्ध करण्यासाठी भाषणाची गरज राहत नाही.

सरकारी कामाच्या बाजूनेही एक सूचना करावीशी वाटते. लहान बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा अंदाज तयार करताना त्यासोबत लाभधारकांचा पाळीचा ठराव व किमान एका हंगामाची वर्गणीची वही मागावी. ज्या गावाने एक हंगाम कच्च्या बंधाऱ्यावर शिस्तीने पाणी वाटले त्याला पक्का बंधारा अग्रक्रमाने द्यावा. ही अट कोणास कडक वाटेल. पण गावाला घातलेली ही अट शेवटाकडील लहान शेतकऱ्याला दिलेली हमीच आहे, कारण बांधकामानंतर त्याच्या हाती दुसरे काही साधन उरत नाही.

रब्बीची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. त्यापूर्वी तीन आठवडे मिळाले तरी हे काम होण्यासारखे आहे. पहिल्या आठवड्यात पाट चालून पाहावा व मोजणी करावी, दुसऱ्यात गाळ काढावा आणि तिसऱ्यात सभा घेऊन ठरावावर सह्या घ्याव्यात. यास अनुदान लागत नाही व वरिष्ठांच्या मंजुरीचीही वाट पाहावी लागत नाही. ज्या गावी हे होईल, तेथे सिमेंट आल्यावर त्याचा लाभ शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचेल. आणि सिमेंट येण्यास उशीर झाला, तरी यंदाचा गहू वाळणार नाही.